नकार आला तर पाचवा चौकोन

मुंबईहून पंखे आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक कागद आला. पंखे पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांतून आले आणि कागद जाड पाकिटातून, कंपनीचा शिक्का मिरवत. पिलाजीनं खोकी दुकानाच्या कोपऱ्यात एकावर एक रचली, आणि कागदाला मात्र काच बसवून घेतली. टेलिफोनच्या बरोबर वर, खंडोबाच्या तसबिरीशेजारी तो टांगला. जिजाबाई जिना उतरून खाली आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याला फूल रोज वाहायचं, की नुसतं रविवारी?"

"आई, कंपनीचा कागद आहे तो. टेलिफोनवर गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, ते लिहिलंय."

"बोलायचं लिहून दिलंय? दीड वर्षाचा होतास तेव्हा बोलायला लागलास. त्या वेळी कुठल्या कंपनीनं कागद धाडला होता?"

पिलाजी गप्प बसला. बत्तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकींचा बाप, पण आईपुढं गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दुर्दैव असं की गिऱ्हाइकापुढंही तो तसाच बसे, आणि म्हणूनच तो कागद त्याला देवासारखा वाटला.

बडोद्यातल्या घडियाळी पोळीच्या, त्या अरुंद गल्लीच्या, तोंडाशी त्यांचं घर. खाली गाळा, वर बिऱ्हाड. दुकान हा प्रकार घराण्यात कधी नव्हताच. जिजाबाईंचे सासरे सरकारी पागेत जमादार, नवरा पागेत जमादार. पिलाजी घोड्याला भ्यायचा, म्हणून त्याला पागेच्या कचेरीत चिकटवला. बापानं घोडा फेकला, लेकानं घोड्याच्या चंदी-वैरणीच्या याद्या लिहिल्या. असो, भाकर सरकारची होती. दसऱ्याला त्यानं ती भाकर सोडली आणि विजेच्या पंख्यांची एजन्सी घेतली. बडोद्यात घरोघर तारा येताहेत, साहेबलोकांकडे आणि वकील-डॉक्टरांकडे टेलिफोन आलेत, आता पायपीट करायची गरजच नाही, बसल्या जागी पंखे खपतील, हे त्याला कुणीतरी सांगितलं आणि त्याला ते पटलं. बसल्या जागी होणारं कुठलंही काम त्याला लगेच पटे.

कंपनीची अट मात्र कागदावर नव्हती, करारात होती. चैत्री पौर्णिमेच्या आत पंचवीस पंख्यांची मागणी आली पाहिजे. नाही आली तर एजन्सी गावातल्याच, मांडवीतल्या दुसऱ्या दुकानाला. कचेरीतल्या त्याच्या जागेवर तोवर दुसरा माणूस येऊन बसला होता, पानही खाऊ लागला होता. मागं फिरायला वाटच उरली नव्हती. विमला, त्याची बायको, तिनं हे कधी तोंडातून काढलं नाही. पण गुढीपाडव्याला गुढी उतरवताना ती म्हणाली, "आता चौदा दिवस राहिले," आणि मग जेवणात कुणी श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं नाही.

जिजाबाई शाळेत दोन पावसाळे गेल्या होत्या. छापलेलं बाळबोध अक्षर त्या बोट ठेवून वाचत. एका दुपारी पिलाजी जेवायला वर गेलेला असताना त्यांनी चष्मा चढवला आणि तो कागद काचेवरून बोट फिरवत वाचून काढला. सात चौकोन होते. पहिल्यात नमस्कार आणि 'कृपया यजमानांना बोलवावे, नोकरमाणसांशी वेळ दवडू नये.' दुसऱ्यात 'आपण सुखी आहात ना?' आणि कंसात 'उत्तराची वाट न पाहता पुढे जावे.' तिसऱ्यात उकाड्याचं वर्णन, चौथ्यात पंख्याचं. पाचव्यात, 'नकार आल्यास तो नकार समजू नये, ती किमतीची अडचण समजावी व दर पंख्यामागे तीन रुपये कमी करून सांगावे.' त्यापुढं त्यांनी वाचलं नाही. चष्मा काढला.

"सूनबाई," त्यांनी जिन्यावरून हाक मारली, "सुखी आहात का विचारायचं आणि उत्तर ऐकायचं नाही, असं लिहिलंय ह्यात. ज्यानं लिहिलं त्याच्या बायकोची मला दया येते."

कागदाचे प्रताप रोज दिसत होते. पिलाजी उभा राहायचा, डोळे काचेवर, कानाला ती नळी, आणि सुरू व्हायचा. एका डॉक्टरांनी मधेच विचारलं, पंख्याचा आवाज होतो का, रोग्याची छाती तपासताना मला शांतता लागते. हा त्या वेळी तिसऱ्या चौकोनात होता. त्यानं डॉक्टरांना उन्हाळ्यात अंगाची कशी लाही होते ते सगळं ऐकवलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी आवाजाचं विचारतोय." हा म्हणाला, "आणि रात्री झोप म्हणून लागत नाही." डॉक्टरांनी टेलिफोन ठेवला. त्यांची झोप चांगली असावी.

दुसऱ्या एका घरी बाईनं फोन उचलला आणि यजमान घरी नाहीत म्हणाली. कागदात त्यावर उत्तर नव्हतं, म्हणून ह्यानं पुन्हा पहिल्यापासून नमस्कार केला. तिनं तिसऱ्या नमस्काराला शेजाऱ्यांना बोलावलं.

अशानं चैत्राच्या षष्ठीपर्यंत तेरा पंखे गेले. तेरातले बारा पोळीत येता-जाता लोकांनी दुकानात फिरता पंखा पाहून घेतले होते. कागदानं एकच पंखा विकला होता, तोही एका सावकाराला, ज्यानं घ्यायचं आधीच ठरवलं होतं आणि ज्याला ऐकू कमी येत होतं.

बारा कमी होते. आणि बडोद्यात एका फटक्यात बारा पंखे घेईल असं एकच घर त्या वेळी डोळ्यांसमोर होतं. फत्तेगंजाच्या वाटेवर सरदार दत्ताजीरावांचा बंगला. वैशाखात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न, वऱ्हाड ग्वाल्हेरहून येणार, दहा-पंधरा दिवस राहणार. बाहेरच्या बैठकीत वीज होती, टेलिफोन होता. आतल्या जनान्यात मात्र अजून कापडी पंखे, भिंतीपलीकडं बसून दोरी ओढणारी माणसं. पिलाजीनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा हुजऱ्यानं उचलला, यजमानांना बोलवा म्हटल्यावर त्यानं कारभारी बळवंतरावांना आणलं, आणि कारभाऱ्यांनी उकाड्याच्या वर्णनाच्या मध्यावर सांगितलं, "पत्रानं कळवा."

सप्तमीला मुंबईहून पद्माकर आला. हा कंपनीचा इन्स्पेक्टर. कोट, टाय, केसाला सुवासिक तेल, बोटात अंगठी. दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं आधी कागदाला नजरेनं नमस्कार केला आणि मग माणसांना. जिजाबाई आतल्या दारात चौरंगावर बसून सुपारी कातरत होत्या. तो वाकून म्हणाला, "नमस्कार मातोश्री. आपण सुखी आहात ना?"

"नाही," जिजाबाई म्हणाल्या.

तो हसला आणि पुढं गेला. तोच असणार हा कागद लिहिणारा, त्यांच्या मनात आलं. अडकित्ता जरा जोरात वाजला.

पद्माकरनं पिलाजीचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "चूक काय होतेय, सांगू? तुम्ही मधेच थांबता. थांबलात की गिऱ्हाईक बोलतं. बोललं की ते निसटतं. कागदात भोक ठेवू नका. बघा आता." आणि त्यानं सरदारांच्या बंगल्याचा नंबर मागितला.

बोलणं गुळगुळीत, तेलात बुडवल्यासारखं. हुजऱ्याला त्यानं श्वास घेऊ दिला नाही, कारभाऱ्यांना मधे येऊ दिलं नाही. चौथ्या चौकोनापर्यंत तो पोचला तेव्हा पिलाजीचं तोंड आ वासलेलं होतं. मग पलीकडून काहीतरी बोललं गेलं. पद्माकरची नजर काचेवर पाचव्या चौकोनावर गेली. "समजलं, समजलं साहेब. किमतीची काळजी करू नका. आपल्यासाठी पंख्यामागं तीन रुपये कमी."

पलीकडं खट्ट वाजलं.

"काय म्हणाले ते?" पिलाजीनं विचारलं.

"म्हणाले, आतून नकार आहे. म्हणून मी दर कमी केला. रीतच आहे ती. उद्या पुन्हा करू, चार रुपये कमी करू."

अडकित्ता थांबला होता. "शब्द काय होते त्यांचे? जसेच्या तसे सांगा."

"हेच, मातोश्री. 'बैठकीतल्यांची ना नाही, आतून नकार आहे.'"

"आणि त्यावर तुम्ही सरदाराच्या घरी तीन रुपये सोडले." जिजाबाईंनी सुपारीची खांडं डब्यात टाकली. "लग्नघरात. ग्वाल्हेरचं वऱ्हाड यायच्या तोंडावर. उद्या कुणी तुमच्या बहिणीच्या लग्नात येऊन विचारलं, भात परवडेल ना, म्हणून, तर कसं वाटेल?"

पद्माकर टायची गाठ चाचपू लागला. "पण मातोश्री, नकार म्हणजे किंमतच असते. शंभरातल्या नव्वदांचा अनुभव आहे कंपनीचा."

"कंपनीच्या घरी जनाना आहे का?"

तो गप्प बसला. त्यालाही येत होतं तर.

जिजाबाईंना त्या क्षणी सगळं उमगलं होतं. 'आतून' म्हणजे आईसाहेब, दत्ताजीरावांच्या मातोश्री विजयमालाबाई. त्या घरात गोषा कडक. आजवर वारा हवा असेल तर दोरी ओढणारा भिंतीबाहेर बसे, दोरी भोकातून आत येई, वारा मिळे आणि माणूस दिसत नसे. विजेच्या पंख्याचं तसं नाही. तो छताला टांगायचा, म्हणजे शिडी आली, शिडीवर परका बाप्या आला, आणि तो बायकांच्या खोल्याखोल्यांतून चार दिवस फिरणार. ही गोष्ट आईसाहेब कारभाऱ्याला सांगणार नाहीत आणि कारभारी टेलिफोनवर बोलणार नाही. म्हणून नुसतं 'आतून नकार आहे.' बडोद्यातल्या कुठल्याही मराठ्याच्या पोराला हे कळायला हवं होतं. पिलाजीलाही कळलं असतं, जर त्याचे डोळे काचेला चिकटलेले नसते.

अष्टमीला दुपारी जेवणं झाल्यावर जिजाबाई खाली आल्या आणि थेट टेलिफोनपाशी जाऊन बसल्या. त्या वेळी सरदार झोपतात, कारभारी जेवायला आपल्या घरी जातात, आणि बैठकीत टेलिफोनशेजारी एकटा हुजऱ्या पेंगत असतो, एवढं कळायला इन्स्पेक्टर व्हावं लागत नाही.

"आई, तुम्ही?" पिलाजी म्हणाला.

"का? माझ्या तोंडाला काय झालं?"

पद्माकरनं कागदाची दुसरी प्रत पुढं सरकवली. जिजाबाईंनी तिच्यावर पानाचा डबा ठेवला.

पलीकडून घोगरा आवाज आला, "कोण?"

"घडियाळी पोळीतून जिजाबाई बोलतेय. पागेतल्या जमादारांच्या घरून. तुझं नाव काय रे भाई?"

त्या टेलिफोनवर त्याचं नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं. "रायजी."

"रायजी, घसा का असा झालाय?"

"ठंडु पाणी पीधु, बा."

"उन्हातनं येऊन माठाला तोंड लावलं असशील. ज्येष्ठमधाची काडी धर तोंडात, दोन दिवसांत सुटेल. लग्नघरात आवाज लागतो, पाहुण्यांना हाका मारायच्या असतात तुला. बरं, आत आईसाहेबांजवळची जुनी बाई आहे ना कुणी, तिला बोलाव बाबा."

पद्माकर काचेतल्या पहिल्या चौकोनावर बोट आपटत होता. नोकरमाणसांशी वेळ दवडू नये. जिजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

म्हातारी दासी आली. आईसाहेब टेलिफोनवर येत नाहीत, तिनं एका दमात सांगितलं, कधीच आल्या नाहीत, तो पुरुषांच्या बैठकीत आहे.

"बाई, ऐका," जिजाबाई म्हणाल्या. "हा काय त्यांचं तोंड बघणार आहे? पडद्याआडून बोलतात तसंच आहे हे, नुसता पडदा लांब आहे. बैठकीत आत्ता कोण आहे? रायजी ना? त्याला बाहेर ओट्यावर धाडा, दार लावा, आणि आईसाहेबांना सांगा, पोळीतली एक म्हातारी बोलायचं म्हणते. तिचं काम आहे आणि ती ते पुरुषांना सांगणार नाही."

शेवटच्या वाक्यानं काम केलं असावं. मग मात्र बराच वेळ काही नाही. मधे एक्स्चेंजवाल्यानं, बोलणं चालू आहे का म्हणून, विचारलं, "वात चालू छे?" जिजाबाई म्हणाल्या, "चालू छे, तू तुझं बघ." पद्माकरनं दोनदा घड्याळ काढलं. पिलाजी पंख्याच्या खोक्यावर बसून पेंढ्याच्या काड्या मोडत होता. जिन्यावर विमला उभी होती, हातातलं ताट पुसून पुसून झिजायला आलं होतं.

मग एक आवाज आला. हुकमाची सवय असलेला, पण नळी नको तितकी जवळ धरलेला. "कोण आहे?"

जिजाबाईंनी पदर सारखा केला. "मुजरा आईसाहेब. मी जिजाबाई. सरकारी पागेत जमादार होते, त्यांच्या घरची."

"पागेची माणसं पंखे विकतात आता?"

पिलाजीला ते खोक्यावर बसून ऐकू गेलं. त्यानं मान खाली घातली.

"विकतात," जिजाबाई म्हणाल्या. "घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारीला जमादार लागत नाही."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसू होतं. "आमच्याकडं पण दोनच घोडे राहिलेत. तेही लग्नापुरते ठेवलेत, नवरदेवाला."

"चांगले आहेत?"

"एक चावतो."

"मग नवरदेवाला दुसरा द्या. का ग्वाल्हेरकर मोठेपणा फार करतात?"

इथून त्या दोघी खुलल्या. ग्वाल्हेरच्या व्याह्यांनी निरोपात काय काय मागितलं, जेवणात तिखट किती चालतं, मुलीला भाकरी थापता येत नाही आणि तिकडं सासूला तेच बघायचं आहे, आईसाहेबांचा उजवा गुडघा, जिजाबाईंचा डावा, गुडघ्याला निर्गुडीचा पाला की तीळतेल, सगळं निघालं. पंख्याचं नाव नाही. पद्माकरनं पिलाजीच्या कानात कुजबुजून विचारलं, मुद्दा केव्हा येणार. पिलाजीनं त्याला हातानं गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी गप्प केलं.

मग आईसाहेब आपणहून म्हणाल्या, "तुमचा माणूस काल आमच्या कारभाऱ्यांना किंमत उतरवून सांगत होता. आमचं काय दिवाळं वाजलंय?"

"तो मूर्ख आहे," जिजाबाई म्हणाल्या. "इथं समोरच बसलाय."

पद्माकरनं अंगठीकडं बघितलं.

"आईसाहेब, नकार आतून आला असं कळलं. कारण माझ्या ध्यानात आलंय असं वाटतं. चुकत असेन तर थांबवा. शिडी ना?"

"शिडी," आईसाहेब म्हणाल्या. आवाज उतरला होता. "घरात कुणालाच कळलं नाही हो. मुलगा म्हणतो, आई जुन्या वळणाची, तिला वीज नको. मला वीज हवीय. रात्रभर माझ्या अंगाची आग होते. पण परका बाप्या माझ्या देवघराशी शिडी लावणार, सुनांच्या पलंगावर उभा राहणार. टेबलावरचा पंखा आणू म्हणतात, तर घरात पाच नातवंडं, बोटं घालतील."

"पौर्णिमेला तुम्ही चांदोदला जाता ना नर्मदेवर? दरवर्षी जनाना जातो, ऐकून आहे."

"जातो. चार दिवस."

"मग त्या चार दिवसांत माणसं येऊन काम उरकतील. तुम्ही परत याल तेव्हा शिडी नाही, माणूस नाही, नुसता वारा."

"आणि मागं कोण बघणार?" आईसाहेबांचा आवाज पुन्हा चढला. "रुखवत मांडून ठेवलंय. पोरीची लुगडी, दागिन्यांच्या पेट्या, माझं देवघर. दासी सगळ्या माझ्याबरोबर येणार. पुरुषांच्या भरवशावर जनान्यात परकी माणसं सोडू?"

इथवर जिजाबाईंनी काही ठरवून आणलं नव्हतं आणि इथून पुढंही नव्हतं. त्यांनी एकदा पिलाजीकडं पाहिलं. तो खोक्यावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होता, लहानपणी घोड्याकडं बघायचा तसा. "मी बसते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"जनान्याच्या उंबऱ्याबाहेर. सकाळी माणसं आत जाण्याआधीपासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत. एक चमचा इकडचा तिकडं होणार नाही. आणि मीही आत पाऊल टाकणार नाही."

जिजाबाईंना ठाऊक होतं, पलीकडची बाई हे चवीनं घोळवतेय. जिजाबाईंच्या घरानं कधी सरदारांची चाकरी केली नव्हती. सासरे म्हणत, आम्ही सरकारचे, सरदारांच्या दारात आम्ही फक्त घोडा बांधायला उभे राहतो. आणि आता त्या घरची बाई सरदाराच्या उंबऱ्यावर राखणीला बसणार होती, दासी बसते तिथं.

"पागेची माणसं आमच्या उंबऱ्यावर," आईसाहेब हळूच म्हणाल्या.

"हो," जिजाबाई म्हणाल्या.

"बारा खोल्या आहेत. बारा पंखे पाठवा. कारभाऱ्यांना मी सांगते. आणि किंमत पुरी घ्या."

जिजाबाईंनी नळी ठेवली. कान लाल झाला होता. विमला जिन्यावरच बसली, ताट मांडीवर घेऊन. पिलाजी म्हणाला, "पंचवीस." पुन्हा म्हणाला, "आई, पंचवीस झाले."

पद्माकरला पाहावं तर तो लिहीत होता. खिशातली वही काढून भराभर, मान न उचलता. "मातोश्री, कमाल आहे. हे सगळं कंपनीला धाडतो. नवा कागद काढू. पहिला चौकोन, नोकराचं नाव व घसा. दुसरा, घोडे. तिसरा, गुडघा. उजवा आधी की डावा, मातोश्री?"

जिजाबाईंना हसू आलं नाही. असल्या माणसावर हसणंही महाग पडतं. "लिहा," त्या म्हणाल्या. "आणि खाली सातवा चौकोन असाही काढा, की बोलणं संपल्यावर चार दिवस चैत्राच्या उन्हात लोकांच्या उंबऱ्यावर बसावं. कोण बसणार, तुमची कंपनी?"

त्याची पेन्सिल थांबली.

"कागदावरचं बोलणं कुणाचंच नसतं, म्हणून स्वस्त असतं. तीन रुपये कमी, चार रुपये कमी. तोंडचं बोलणं आपलं असतं. ते निभवावं लागतं. आता एजन्सीच्या कागदावर सही करा आणि गाडी गाठा. सूनबाई, ह्यांना चहा द्या. सुखी आहेत का, विचारू नका."

चतुर्दशीला जनाना चांदोदच्या गाडीला गेला आणि जिजाबाई बंगल्यावर गेल्या. जनान्याच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्यासाठी एक पाट मांडला होता. पाट, खुर्ची नव्हे. आईसाहेबांनी जाता जाता सांगून ठेवलं असणार. जिजाबाईंनी पाट पायानं जरा सरकवून भिंतीला लावला आणि बसल्या. वायरमन तिघे होते. प्रत्येक सकाळी आत जाताना त्या त्यांचे हात बघत, संध्याकाळी बाहेर पडताना खिसे. तिघांतला एक पहिल्या दिवशी रागावला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना आपल्या सासूची तक्रार सांगितली. रायजी दर दोन तासांनी पाणी आणी. घसा सुटला होता त्याचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधल्या दालनात पहिला पंखा फिरला. वारा उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच विरला. शिडीवरून वायरमन म्हणाला, "बा, आवो अंदर, जरा बसो. कोण जोवानु छे?"

"मी आहे ना बघायला," जिजाबाई म्हणाल्या आणि पदरानं मानेवरचा घाम टिपला.

त्याच वेळी पिलाजी डबा घेऊन आला. पोळीतून चालत आला होता, उन्हानं तापलेला. पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. डबा ठेवून तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. सरदाराच्या बंगल्यात, जमिनीवर, आईशेजारी.

"सकाळी एक टेलिफोन केला," तो म्हणाला. "दांडिया बाजारात दामोदरपंत आहेत ना, पेन्शनीतले. त्यांना."

"कागद?"

"उतरवून ठेवला काल."

"हं. मग?"

"मग काय, काही सुचेना. नमस्कार केला आणि गप्पच बसलो. तेच म्हणाले, कोण बोलतंय, मेलं का कोण. मी म्हटलं, पिलाजी, मला बोलता येत नाही. ते हसले. म्हणाले, मलाही कचेरीत पहिली दहा वर्षं येत नव्हतं. मग बोलत बसलो. अर्धा तास."

जिजाबाईंनी डब्याचं झाकण काढलं. वांग्याची भाजी होती. "पंखा घेतला त्यांनी?"

"नाही. पंख्याचं निघालंच नाही." पिलाजीनं खाली पाहिलं. "नातवाची मुंज आहे त्यांच्याकडं अक्षय तृतीयेला. मला बोलावणं केलंय. घरच्यांना घेऊन या म्हणाले."

जिजाबाईंनी भाकरी मोडली. आत शिडी सरकल्याचा आवाज झाला तशा त्या अर्धवट उठल्या, दालनात नजर टाकली, वायरमन देवघराच्या दारापासून लांब आहे हे पाहिलं, आणि पुन्हा पाटावर बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "सूनबाईला ने, पोरींना ने. आहेर बरा कर. पंगतीत शेवटी बस, उकाड्यात घामानं भिजेपर्यंत बस. आणि पंख्याचं नाव तोंडातनं काढलंस, तर तुला घरात घ्यायची नाही."

"आणि त्यांनीच काढलं तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा बघ," जिजाबाई म्हणाल्या, "मला कशाला विचारतोस? मी काय कागद आहे?"